उलट्या झाडांची तस्बीर

१८ ऑक्टोबर १९९३, सोमवार

न्हाई गं बाई, येड न्हाई लागलं मला. डोळे शाबूत हायेत, हात थरथरत न्हाईत, नुसतं बसून बसून पाय सुजायलेत. मग काऊन शिकू न्हाई?

पंचफुलानं एकदाच इचारलं व्हतं, मी तीन बारी जवाब दिला. पंचफुला म्हंजे माझी सून. तिला वाटलं व्हतं, सासरा जाऊन आठ वर्षं झाली, आता सासू भजनात बसंल. सासू निघाली रंग कालवायला. ती म्हणली, "आत्या, बायका रांगोळी काढत्यात की." म्हणलं, "रांगोळी सकाळी झाडावी लागती. मला न झाडायचं काहीतरी पायजे."

ही वही मास्तरनं घ्यायला लावली. म्हणले, कोणता रंग कशात कालवला ते रोज लिहायचं, न्हाईतर दुसऱ्या दिवशी तोच रंग पुन्हा जमत न्हाई. मी चौथी पास. रंगाचं लिहिता लिहिता बाकीचं बी लिहीन, मला गप बसायची सवय न्हाई.

मास्तर म्हंजे चंद्रभान मास्तर, आमच्याच गावचे. शाळेत मी आत बसायची, ते बाहेर दाराच्या पायरीवर. पायरीवर बसून ते पाटीवर चित्रं काढायचे. एकदा मी गुरुजीला जाऊन सांगितलं, चंद्यानं तुमचं माकड काढलंय. त्यानं काढला व्हता बैल. छड्या खाल्ल्या त्यानं, आन मी आठ दिवस हासले.

किल्लारीकडं जमीन हालली तवा आमच्या गावच्या बंद घराला बी भेग पडली. पोराला हापिसातून सुट्टी न्हाई, म्हणून मीच जाऊन बगून आले. घर सारं उपसलं. परभणीला माघारी आले तर चार दिवस घास गिळंना. मग मास्तरचा पत्ता काढला.

२१ ऑक्टोबर

आज पहिला दिवस. मास्तर एका खोलीत राहत्यात. बायको न्हाई, लेक औरंगाबादला दिलेली. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं, तवापासून नोकरी सुटली. सकाळी पाच-सहा बायका येत्यात, उशीच्या खोळीवर गुलाबाची फुलं काढत्यात. सगळ्यांचा गुलाब सारखाच, कोबीच्या गड्ड्यासारखा. मी तसं म्हणले तर एकीनं तोंड वाकडं केलं.

मास्तर मला बगून उठायला लागले. म्हणलं, "बसा. पायरीवर न्हाईत तुमी आता." त्यांना ते आवडलं न्हाई वाटतं. माझं तोंडच असं हाय.

मी कापडावर नको म्हणलं, तेलाचं शिकवा. तेल म्हंजे जवसाचं. जवसाची चटणी करून खाण्यात जिंदगी गेली, त्याच्यात रंग बी कालवत्यात हे म्हायती नव्हतं. मास्तर म्हणले, "आधी पातळ हात, मग तेलकट. खाली तेलकट आन वर पातळ झालं की वरचं तडकतं." म्हणलं, "हे तर भाजीवाणीच हाय."

काळा रंग संपला व्हता. मी म्हणलं, चिमणीची काजळी घेऊ का धरून? मास्तर म्हणले, "काजळी माझ्या घरात आणायची न्हाई. निळा आन तांबडा कालवा, काळा व्हतो."

आजचा रंग: निळा दोन वाटण्या, तांबडा एक. काळा झाला न्हाई, वांगं झालं.

२ नोव्हेंबर

मास्तर म्हणले, हात बसायलाय, आता काय काढायचं? मी पटकन म्हणलं, "तुमची ती तस्बीर."

"कोणती?"

"खुर्चीची."

त्यांनी डाव्या हातानं ब्रश पुसून ठेवला. मग म्हणले, "तुमाला ध्यानात हाय ती?"

हाय म्हणजे काय. त्यांनी परदेशी मासिकाच्या पानावरून हार्डबोर्डवर काढलेली. सपाट काळी जमीन, चैतातल्या वावरागत भेगाळलेली. मधोमध एक खुर्ची, डोंगराएवढी, बसायच्या जागी गवत उगवलेलं. नदी जमिनीवरून उठून आभाळात गेलेली, वाळत घातलेल्या लुगड्यावाणी. आन तीन झाडं उलटी, मुळं आभाळात. अठ्ठ्याहत्तरच्या २६ जानेवारीला त्यांनी ती गावच्या शाळेत मांडली व्हती. सारं गाव हासलं. माझे दीर भुजंगराव म्हणले, "ह्या खुर्चीवर बसणार कोण, सरपंच का?" मी बी हासले. घरी येऊन भाकरी करपवली. तसली जमीन मी बगितलीच नव्हती. तिचा सातबारा कोणाच्याच नावावर नसंल असं वाटायचं.

मास्तर म्हणले, "ती जळाली. त्याच साली."

मला म्हायती हाय. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलं तवा आमच्या गावात बी त्यांची आळी जाळली. मास्तर तवा गंगाखेडला नोकरीला. घरी त्यांची आई एकटी, मनकर्णाबाई. गुडघ्यानं अधू. भाजली, आठव्या दिवशी गेली.

"आईचा एक फोटो न्हाई माझ्याकडं," मास्तर म्हणले. "घर गेलं, तस्बीर गेली, सगळं गेलं. संक्रांतीला लेक मला औरंगाबादला न्यायलीय कायमचं. माझा हात तर असा. तुमी काढाल का बायनाबाई? निदान तेवढी घेऊन जाईन."

म्हणलं काढते.

आमच्या घरचं कोणी नव्हतं त्याच्यात. मालकाला त्या दिवशी ताप व्हता.

९ नोव्हेंबर

मास्तरनं बोर्डावर पेन्शिलीनं चौकटी पाडून दिल्या, दुकानाच्या पाट्या रंगवणारे पाडत्यात तशा. एकेका चौकटीत काय व्हतं ते आठवायचं आन भरायचं. मी खुर्ची काढली, झाडं काढली, घाम पुसला, तर मास्तर हासायलेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हासताना बगितलं.

"बायनाबाई, आभाळ खाली हाय."

बगते तर खरंच की. सारी तस्बीर उलटी. झाडं तेवढी सरळ उभी.

"माझ्या ध्यानात अशीच हाय," मी म्हणलं. "आन तसं बी त्याच्यात उलटं काय आन सुलटं काय, देवाला म्हायती."

"शाळेत तर मी सरळ लावली व्हती."

"मग गाव उलटं उभं असंल."

सगळ्या बायका हासल्या. मास्तर हासले न्हाईत ह्या बारीला. बोर्ड फिरवून दिला, म्हणले पुसा आन पुन्हा काढा.

२० नोव्हेंबर

दिवाळी झाली. ज्वारी आणायचं निमित्त करून गावाकडं गेले. महिन्यात तिसरी बारी. बळद तर निम्मं रिकामंच हाय. बळद म्हंजे भितीत बांधलेला धान्याचा कोठा, तोंड वर, आतलं बगायचं म्हंजे पाटावर चढून कमरेतून वाकावं लागतं. वाकून वाकून मान आखडली.

भुजंगराव आले काठी टेकत. "वैनी, ही भित पोकळ झालीय. बळद पाडून टाकू. उद्या अंगावर आलं तर?"

"माझ्या बळदाला हात लावायचा न्हाई."

"काऊन? हंडा पुरलाय का आत?"

"तुमचे पडलेले दात ठेवलेत. मेल्यावर संगं द्यायला."

ते बसले, पान लावलं. मग म्हणले, "त्या चंद्याकडं जायलाव म्हणं तुमी. लोक काय म्हणायलेत म्हायती हाय का?"

"म्हातारपणी तरी लोक माझ्याबद्दल बोलायलेत, बरंच हाय की."

"हासण्यावारी नेऊ नका. आता पुन्हा ते नावाचं निघालंय. सरकार देणार म्हणत्यात. देऊ द्या. आपल्या घरातल्या बाईनं त्याच्या दारात जायची काय गरज?"

मी इचारलं, "भुजंगराव, तुमाला झोप लागती का हो?"

म्हणले, "लागती की. काऊन?"

खरं बोलायलेत. रंग चांगला हाय तब्येतीचा.

८ डिसेंबर

सहा तारखेला मास्तरकडं बंद व्हतं. आज गेले. जमीन झाली, नदी झाली. नदीला सफेद्यात निळ्याचा थेंब आन जरासक पिवडी, पिवळी माती. मास्तर नदी बगून म्हणले, "पदराची घडी बी अगदी तशीच. पंधरा वर्षं झाली बाई, शाळेत एकदा बगून एवढं कसं ध्यानात राहतं?"

म्हणलं, "नवऱ्याचं तोंड इसरले, तस्बीर न्हाई इसरले."

गुलाबवाल्या बायका हासून हासून बेजार. माझा मलाच गर्व वाटला. चौथी पास बाई तेलात नदी काढायलीय. घरी आले तर हाताला टरपेटाईनचा वास. नात जवळ येईना. पंचफुला म्हणली, "आत्या, तुमी जेवताना एकट्याच हासत व्हत्या." मी हासत नव्हते. तोंड तसं झालं असंल.

१९ डिसेंबर

आज एकटीच बसून काम केलं. मास्तर दवाखान्यात गेलेले, चावी माझ्याकडं. खुर्चीच्या पायाशी ती बारकी बाई ऱ्हायली व्हती, ती काढली. बोटाच्या पेराएवढी. डोक्यावर गवताचा भारा, लुगडं खोचलेलं, एक पाय वाकडा, गुडघ्यात. त्या पायानंच मला बेजार केलं, चार बारी पुसला. मग बारका ब्रश जिभेवर ओला करून एकाच वढीत काढला आन जमला. थुकले मागून, जवस लय कडू लागतं.

गवताला हिरवा, त्याच्यावर पिवडीचा बारीक हात. लुगड्याला गेरू आन थोडं निळं.

एवढी मोठी खुर्ची, आन खाली ती भारा घेऊन चाललेली. वर बगत सुदिक न्हाई. आता तस्बीर पुरी झाली.

२१ डिसेंबर

मास्तरनं आज बगितली. लय येळ बगितली. मला वाटलं शाबासकी द्यायलेत.

"ही कोण?"

"बाई. तुमच्या तस्बिरीत न्हाई का ती."

"पाय असा का काढलात?"

"तसाच व्हता."

ते खाटेवर बसले. त्यांचा चहा तसाच गार झाला, साय धरली. गुलाबवाल्या बायकांना म्हणले, उद्यापासून येऊ नका, मला जायची तयारी करायची हाय.  नाराज झाले का काय समजंना. मी तर पाय लय चांगला काढला व्हता.

२ जानेवारी १९९४, रविवार

बारा दिवस मी गेले न्हाई. आज मास्तर स्वतःहून घरी आले, काठी घेऊन, रिक्षानं. पंचफुलानं खुर्ची दिली, तर ते पायरीवर बसले. चहा दिला, तो पिले. पंचफुला आत गेल्यावर बोलले.

"२६ जानेवारीला ती बाई तस्बिरीत नव्हती, बायनाबाई. आखाडात एका ऐतवारी गावी आलो तवा मी ती घातली. आई भारा घेऊन आली, तशीच दारात उभी राहिली, मी बगून काढली. सोमवारी सकाळी गंगाखेडला गेलो. पुन्हा ती तस्बीर कोणाला दाखवली न्हाई. पुढच्या महिन्यात घर गेलं."

मी त्यांची रिकामी कपबशी उचलली. 

"आईचं दुसरं काहीच न्हाई माझ्याकडं. तुमी काढली ती बरी हाय, पण ती तुमी काढलेली हाय. मला माझ्या हाताची बगायचीय." उठताना म्हणले, "पोलिसात न्हाई जायचो मी. कोणी आणली, कशी आणली, इचारणार बी न्हाई. तेरा तारखेपर्यंत हाय मी हितं."

पंचफुलानं इचारलं, "आत्या, मास्तर काय म्हणत व्हते?" म्हणलं, पाय बरा जमलाय म्हणत व्हते.

११ जानेवारी

गावाकडं जाऊन आले. घोंगडीत गुंडाळून आणली. यष्टीत कंडाक्टर म्हणला, "मावशी, दार काढून आणलं का घराचं?" म्हणलं, "हो, खिडकी उद्या आणते."

आल्यावर उघडून भितीला लावली. सरळ, आभाळ वर. बळदात मी ती डोकं खाली करून सोडली व्हती, पंधरा वर्षं वरून वाकून तशीच बगितली. सरळ बगितली तर ती बाई लय दमलेली दिसती. उलटी असताना वाटायचं, नाचायलीय.

पंचफुला म्हणली, "आत्या, ही तुमी काढली? हिच्यात लय जीव हाय." मी हो म्हणले.

१३ जानेवारी

दिली.

मास्तरची खोली रिकामी झालेली, दोन पेट्या आन वळकटी. माझी नवी तस्बीर भितीला टेकलेली. मी घोंगडी सोडली. मास्तरनं डाव्या हातानं बोर्ड धरला, उजेडाकडं नेला. पेटीवर टेकवला. त्या बाईवर बोट ठेवलं न्हाई, जवळ नेऊन थांबवलं.

मला ते बगवंना. मीच बोलले. "मालकानं आणली व्हती. जळत्या घरात शिरून काढली त्यांनी. भुजंगरावांच्या भ्यानं कोणाला सांगता आलं न्हाई. त्यांच्या मागं मला बी न्हाई."

मास्तर म्हणले, "व्यंकटरावांनी?"

"हो."

"आई दिसली व्हती का त्यांना आत?"

"धूर व्हता म्हणले. काही दिसत नव्हतं."

त्यांनी बोर्ड उलटा केला. मागची बाजू नाकाला लावली. कडेवरून अंगठा फिरवला.

"धूर लागला न्हाई हिला," म्हणले.

"मालकानं पुसली असंल."

"असंल," म्हणले. "चांगली पुसली."

मग हात जोडले त्यांनी मला, मालकाच्या नावानं. मला वाटलं, सुटले. म्हणलं, "मास्तर, आता माझी बी घेऊन जा. जोडीला."

त्यांनी रंग खरवडायची पाती घेतली. थंडीत जवस लवकर वाळत न्हाई, माझी बाई अजून वलीच व्हती. डाव्या हातानं, सावकाश, त्यांनी तिला खरवडून काढलं. भारा, लुगडं, पाय, सगळं. खाली बोर्डाचा बदामी रंग दिसायला लागला. पाती फडक्याला पुसली, फडकं खिशात घातलं.

"तुमच्या तस्बिरीत ती नको," म्हणले. "बाकी तस्बीर लय चांगली झालीय. ठेवा."

घेऊन आले. असं का केलं त्यांनी, कळंना. मी तर त्यांची वस्तू त्यांना दिली व्हती.

१४ जानेवारी, संक्रांत

विद्यापीठाच्या नावाचं झालं, सकाळी रेडिओवर सांगितलं. रेल्वेच्या पलीकडं फटाके वाजायलेत. मास्तर पहिल्या गाडीनं गेले. पंचफुलानं तिळगूळ दिला, गोड बोला म्हणली. नात इचारायली, आजी, खुर्चीखाली हितं भोक काऊन हाय?

आज रंग न्हाई कालवला. जे न्हाई लिहिलं ते लिहिते.

मालकाला ताप नव्हता. त्या दिवशी सकाळी आमच्याच ओसरीवर बसले व्हते सगळे, मालक, भुजंगराव, आन दुसरे. चहा मी केला. दिवस मावळायला जायचं ठरलं. कोणाचं घर पहिलं, ते बी ठरलं. कपबश्या गोळा करताना मी सारं ऐकलं.

मालक आगीत कुठं शिरले न्हाईत. त्यांनी ती तस्बीर मरेपर्यंत बगितली न्हाई. दुपारी घरातले पडले तवा मी मागच्या वाटेनं गेले. त्यांच्या घरात पहिल्यांदा पाय ठेवला. मनकर्णाबाई खाटेवर, गुडघ्याला पाला बांधलेला. मी भितीवरची तस्बीर उतरवली. ती म्हणली, "कुठं नेतीस माय?" म्हणलं, "बगून आणून देते." ती म्हणली, "बग की. बस म्हणलं असतं, पण तू बसायची न्हाईस." म्हणलं, घाई हाय.

बाहेर ऊन व्हतं. सारी आळी कामावर गेलेली. सांजेला अजून लय येळ व्हता. मी तस्बीर पदराखाली धरली आन घरी आले. म्हातारीला ऊठ म्हणले न्हाई.